वेदीखाली कोणाचा दगड आहे, याविषयी इट्टियविरा मेस्त्रीचे अखेरचे म्हणणे

मी, इट्टियविरा, वडिलांचे नाव ऊलहन्नान, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा गवंडीकाम, राहणार करिंपारा, चर्चच्या पूर्वेकडील भिंतीला लागून असलेले घर, आज रोजी पूर्ण शुद्धीवर असून, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि उजव्या गुडघ्यातली कळ सोडली तर शरीराने धड असून, कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा लालचीने नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. लालूच दाखवली गेली नाही असे मात्र नाही. ती कोणी आणि कशाची दाखवली, ते पुढे येईलच.

मजकूर मी सांगतो आहे आणि दस्तलेखक शंकर पिळ्ळै लिहितो आहे. त्याने आल्या आल्या एक छापील नमुना पुढे केला.

"मेस्त्री, यात नुसती नावं भरायची. दहा मिनिटांचं काम."

"एक्क्याऐंशी वर्षं दहा मिनिटांत बसतात होय रे? कोरा कागद काढ."

"काढतो. पण एक सांगून ठेवतो, हे मृत्युपत्र आहे, भांडणपत्र नव्हे."

"तू लिही. कुठलं आहे ते वाचणारे ठरवतील."

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे कोणी माझ्या अंगठ्याचा किंवा सहीचा कागद दाखवला, तर तो खोटा समजावा. तेक्केमाळिका घराण्यातल्या जोर्जुकुट्टीने दाखवला, तर वाचायचेही कष्ट घेऊ नयेत.

कलम पहिले. माझा आत्मा. पिळ्ळै म्हणतो की आत्मा मालमत्तेत धरत नाहीत. धरूच नये, कारण तो माझ्या मालकीचा नाही. तो प्रभू येशू ख्रिस्ताचा आहे. त्याने तो विकत घेतला तेव्हा दलाल मध्ये नव्हता. त्यावर करिंपारा चर्चच्या समितीचा, विश्वस्तांचा किंवा माझ्या मुलाचा कसलाही हक्क पोचत नाही.

हे एवढे स्पष्ट लिहायला लागते, कारण आमच्या गावात माणसाच्या विश्वासाची चौकशी त्याच्या घराण्यापासून सुरू होते. तेक्केमाळिकावाले सांगतात की त्यांचे मूळपुरुष नंबुदिरी ब्राह्मण होते आणि संत थोमाने स्वतःच्या हाताने त्यांना तळ्यावर बाप्तिस्मा दिला. दिला असेल. मी तिथे नव्हतो, तेही नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी आजोबा पाण्यात भिजले म्हणून नातवंडे आजवर मिशा पिळत फिरतात आणि स्वतः ठणठणीत कोरडी आहेत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. त्या तळ्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकली. येशूचे नाव त्या गोष्टीत कधी आलेले मला आठवत नाही.

कलम दुसरे. जागा. माझ्या नावावर साडेनऊ सेंट, म्हणजे एकराच्या दहाव्या भागाहून थोडी कमी, जागा आहे. त्यात पुढे मी स्वतः बांधलेले चिऱ्यांचे घर, मागे दोन खोल्या, एक विहीर, सहा नारळ, एक फणस आणि धुण्याचा एक दगड आहे. ही सगळी जागा घरासकट मी माझी मुलगी राहेल, देवस्याची विधवा, हिला कायमची आणि पूर्ण मालकीने देतो. ती शिवणकाम करते आणि तिच्या सासूला सांभाळते. त्या दोघी मागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षे राहत आहेत. माझ्यानंतर त्यांनी पुढच्या घरात राहावे आणि मागे शेळ्या बांधाव्यात.

आता लालचीची हकिकत. समितीला जुने चर्च पाडायचे आहे. चर्चला काही झालेले नाही. पंधरा कोसांत कुठेतरी यापेक्षा उंच चर्च झाले, हेच काय ते झाले आहे. नव्या चर्चला रस्त्यावरून कमान हवी आणि ती कमान नेमकी माझ्या स्वयंपाकघरातून जाते. म्हणून गेल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात समितीचा चिटणीस जोर्जुकुट्टी केक घेऊन माझ्याकडे आला. जन्मभर "ए मेस्त्री" म्हणणारा तो, त्या दिवशी एकदम "मेस्त्रीचेट्टा" म्हणाला. चेट्टा म्हणजे दादा. मी केकचा वास घेऊन पाहिला.

"मेस्त्रीचेट्टा, नकाशा बघा. ही कमान. वर दोन देवदूत, हातात कर्णे."

"आणि राहेल कुठं जाणार? कर्ण्यात?"

"तिची सोय होईल हो. खाली भातखाचरांकडं तिच्या माणसांची वस्ती आहेच की."

"तिची माणसं म्हणजे कोण? मग मी कोण तिचा?"

"तसं नव्हे, चेट्टा. तुम्ही आमचेच. म्हणूनच तर सांगतो, चर्चच्या दाराजवळची तीन नंबरची कबर तुमच्या नावाने राखलीय. संगमरवरी. सोनेरी अक्षरांत नाव. आमच्या घरच्या लोकांच्या रांगेत झोपाल."

"जेवायला कधी रांगेत बसवलं नाहीत बाबा, एकदम झोपायला?"

तो हसला. त्याला वाटले मी गंमत करतो आहे. आमच्याकडे ज्यांना कायमची कबर परवडत नाही, त्यांना सामायिक खड्ड्यात पुरतात आणि काही वर्षांनी हाडे काढून हाडांच्या विहिरीत टाकतात. तेव्हा दाराजवळची कबर म्हणजे केवढी थोरवी, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझा मुलगा कोरा याने मस्कतहून फोनवरच होकार देऊन टाकला होता. माझ्या स्वयंपाकघराला, त्याच्या बहिणीच्या डोक्यावरच्या छपराला, फोनवर.

मग जोर्जुकुट्टीने सर्वांत मोठी बातमी दिली, त्याच्या बापाच्या दगडाची. "आमच्या अप्पच्चनांचा पायाचा दगड वेदीखालून काढणार. बँड लावून मिरवणुकीने नेणार. नव्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवणार, वर दिवा."

"पायाचा दगड काचेच्या पेटीत? मग चर्च कशावर उभं राहणार रे?"

"त्याला यंत्रानं खांब घालतात खाली. दगडाचा काय संबंध? दगड दर्शनाला."

मला हसू फुटले आणि हसता हसता ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आले. जोर्जुकुट्टी समजला की म्हातारा गहिवरला. तो केक ठेवून गेला. केक आम्ही शेळीला घातला. तिने खाल्ला.

कलम तिसरे. दगड. पिळ्ळै विचारतो की हे मालमत्तेचे कलम आहे की हकिकतीचे. दोन्हीचे आहे. एक दगड माझ्याकडे आहे आणि त्यांचा आहे, दुसरा त्यांच्याकडे आहे आणि त्यांचा नाही.

सन एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये या चर्चचा पाया घातला. मुख्य मेस्त्री मी होतो. जोर्जुकुट्टीचा बाप कुरुविळा, गावचा मुदलाळी म्हणजे शेठ, याने कोनशिलेचा दगड लांबून आणवला, गुळगुळीत घडवून घेतला आणि अक्षरे कोरायला माझ्याकडे दिला. पाच ओळी होत्या. तीन तेक्केमाळिका घराण्याच्या, चौथी बिशप म्हणजे आमच्या तिरुमेनींची, पाचवीत तारीख. मी कोरून झाल्यावर पुन्हा वाचले आणि कागद घेऊन त्याच्याकडे गेलो.

"मुदलाळी, यात प्रभूचं नाव राहिलं."

"कुणाचं?"

"येशूचं. ज्याचं चर्च आहे त्याचं."

"अरे, त्याचं नाव जगाला ठाऊक आहे. आमचं लिहावं लागतं."

याहून खरे वाक्य तो माणूस आयुष्यात बोलला नसेल. मी परत येऊन दगड हातोडीने ठोकून पाहिला, ते आधीच पाहायला हवे होते. चांगला दगड खणकन वाजतो. हा बद्द वाजला. आत शीर होती. वरून आरसा, आतून भेग. बडा घर पोकळ वासा. मी हेही सांगितले. मुदलाळी म्हणाला, "तुझं काम ठोकायचं, परीक्षा घ्यायचं नव्हे."

ठरल्या दिवशी तिरुमेनी आले. रेशमी छत्र्या, घंटा, धूप. जिथे वेदी येणार त्या जागी चरात ओल्या चुन्यावर तो दगड बसवला. तिरुमेनींनी चांदीच्या थापीने तीनदा चुना लावला आणि थापी मुदलाळीच्या मुलाने घरी नेली. मग सगळे गाव तेक्केमाळिकाच्या मांडवात जेवायला गेले. आम्हाला, म्हणजे गवंडी आणि दगड वाहणाऱ्या बायकांना, निरोप आला की पहिल्या दोन पंगती उठल्यावर मागच्या अंगणात पाने मांडू. मी ख्रिस्ती जन्माचा, त्याच चर्चचा, तरी हात चुन्याचे म्हणून मागच्या अंगणात. बायका तर पुलया ख्रिस्ती, ज्यांचे आजेपणजे याच लोकांच्या खाचरांत विकले गेले होते. त्यांची पाने अंगणाच्याही पलीकडे, गोठ्याजवळ.

आम्हाला तेव्हाच जेवायला बोलावले असते, तर तो दगड आजही तिथेच असता. आम्हाला दीड तास रिकामा मिळाला.

मी चराच्या काठावर बसलो होतो. माझ्याच्याने ते बघवेना. शीर असलेल्या दगडावर प्रभूची वेदी चढवायची, आणि ती मी चढवायची. दगड वाहणाऱ्या बायकांत एक कुंजाळी होती, तेव्हा पंचेचाळिशीची. तिने माझे तोंड पाहून विचारले.

"मेस्त्री, पोटात दुखतंय काय?"

"दगड बद्द वाजतो, कुंजाळी."

"मग दुसरा घाला."

"दुसरा आणू कुठला?"

ती उठली आणि ज्यावर बसली होती तो दाखवला. खाणीतून आलेल्या ढिगातला काळा दगड होता. रूप नाही, कड धड नाही, म्हणून मुदलाळीच्या माणसाने बाजूला फेकलेला.

"हा घ्या. महिनाभर रोज दुपारी यावर बसून पेज पिते. कधी डुगडुगला नाही."

मी हातोडी मारली. घंटेसारखा वाजला. मग मी, कुंजाळी आणि तिच्या दोन जोडीदारणी, चौघांनी मिळून मुदलाळीचा दगड वर काढला आणि तो काळा दगड खाली बसवला. तो नीट बसला, पाणसळ लावून पाहिली. मला वाटले यावर काही कोरावे. खरे सांगायचे तर छिन्नी हातात घेतल्यावर पहिले अक्षर मनात आले ते माझ्याच नावाचे. मी कुंजाळीला विचारले, काय लिहू?

"मला कुठं वाचता येतं? त्याची खूण काढा. ती मला कळते."

मी एक क्रूस काढला. दोन रेघा. बाकी काही नाही. वरून चुना आणि खाणीच्या दगडांचा थर टाकला तेव्हा मांडवात तिसरी पंगत बसत होती. मुदलाळीचा दगड गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर घरी आणला आणि अक्षरे खाली घालून विहिरीशी टाकला. माझी बायको एली त्यावर धुणे धुवायची. शहाऐंशी साली ती चादर आपटत असताना तो मधोमध तडकला. चादरीने! त्यावर चर्च ठेवले असते तर काय झाले असते, ते ज्याचे त्याने समजावे.

तेव्हा तेक्केमाळिकावाल्यांनी तिसऱ्या पिढीपर्यंत ज्या दगडाच्या जोरावर पहिल्या बाकावर बूड टेकले, तो वेदीखाली नाही. माझ्या विहिरीशी आहे, दोन तुकड्यांत, साबणाने घासून स्वच्छ. तो मी जोर्जुकुट्टीला परत देतो. त्याने बँड लावून, छत्र्या धरून, हवे तर काचेच्या पेटीतून न्यावा. पेटी मात्र दोन लागतील.

वेदीखालचा काळा दगड कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. चर्च पाडाल तेव्हा खणाल आणि तिथे कोणाचेच नाव सापडणार नाही. तेव्हा आरडाओरडा करू नये. चोरी झालेली नाही. नाव ज्याचे असायला हवे त्याचीच खूण तिथे आहे, आणि त्रेचाळीस वर्षे तुमचे सगळ्यांचे वजन, तुमच्या गर्वासकट, त्याने विनातक्रार पेललेले आहे.

इथे पिळ्ळैने लेखणी ठेवली आणि म्हणाला, "मेस्त्री, मी हिंदू माणूस. पण एक विचारू? एवढा राग या लोकांवर, मग त्या चर्चमध्ये जाता कशाला दर रविवारी?"

त्याला जे सांगितले तेच लिहवतो. मी समितीकडे जात नाही. जोर्जुकुट्टीचा बाप तिथे जायच्या आधीपासून जो तिथे आहे त्याच्याकडे जातो. कळसाला लोक हार घालतात, कमानीचे फोटो काढतात. पायाला कोणी विचारत नाही. त्याला मातीत गाडून घ्यावे लागते आणि भल्याबुऱ्या सगळ्यांचे ओझे घ्यावे लागते. मी जन्मभर पाये घातले, त्यामुळे येशूचे एवढे एक मला कळते. बाकी धर्मशास्त्र अच्चन लोकांनी, म्हणजे पाद्र्यांनी, शिकावे. एली गेली त्या आठवड्यात मला पाठ असलेली एकही प्रार्थना आठवली नाही. तोंड उघडले की नुसता श्वास यायचा. तरी मी कोसळलो नाही. माझ्यात तेवढे बळ नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. मग मी कशावर उभा होतो? त्याच्यावर. दुसरे काही खाली नव्हतेच.

कलम चौथे. माझे स्वतःचे. वाचणाऱ्याला आतापर्यंत वाटले असेल की म्हातारा फार थोर. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. ऐका.

दगड बसवल्यानंतर तेरा वर्षांनी, कुंजाळीचा मुलगा देवस्या माझ्या अंगणात आला. माझ्याच हाताखाली काम शिकलेला, माझ्यापेक्षा सरळ भिंत उचलणारा. राहेलला मागणी घालायला आला होता. तो अंगणात उभा होता, मी ओसरीवर खुर्चीत. "बस" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी म्हटले, "तुमच्यात बघ." तो म्हणाला, "मेस्त्री, चर्चमध्ये आपण एकाच भाकरीतलं खातो ना?" मी म्हटले, "ते चर्चमध्ये."

ज्या दगडावर बसून त्याची आई पेज प्यायची, तो मी प्रभूच्या वेदीखाली घातला होता आणि त्याबद्दल मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आणि तिच्या मुलाला माझ्या ओसरीवर टेकू दिले नाही. मुदलाळीने दगडावर घराण्याचे नाव घातले. मी माझ्या विश्वासाखाली तेच नाव घातले होते, फक्त कोरले नव्हते. त्यामुळे ते कोणाला दिसले नाही, मलाही नाही.

खालच्या वस्तीतल्या लहान प्रार्थनाघरात त्यांचे लग्न झाले. मी गेलो नाही. एली बाजाराला जाते म्हणून गेली आणि भाजी न आणता परत आली. आठ वर्षे मी लेकीशी बोललो नाही. आठव्या वर्षी एली विहिरीशी घसरून पडली तेव्हा देवस्याने तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि परत आणून ओसरीच्या पायरीशी उतरवले. स्वतः पायरीखालीच थांबला, कारण मी बोलावले नव्हते. त्या दिवशी मी "ये" म्हटले. "बस" म्हणायला आणखी दोन महिने लागले. नंतर अकरा वर्षे आम्ही एका परांचीवर काम केले आणि त्याने त्या अंगणाची आठवण एकदाही काढली नाही. काढली असती तर मला बरे वाटले असते.

सन दोन हजार तीनमध्ये चर्चच्या मनोऱ्याला चुना देताना देवस्या परांचीवरून पडला आणि गेला. उत्सव आला म्हणून समितीने घाई लावली होती, दोऱ्या जुन्या होत्या. ज्या चर्चसाठी तो मेला त्या चर्चने सांगितले की त्याचे नाव खालच्या वस्तीच्या वहीत आहे, तिकडे पुरा. खालची दफनभूमी पुराच्या पाण्यात होती. दोन दिवस प्रेत ठेवून शेवटी मोठ्या उपकाराने भिंतीकडेचा कोपरा दिला, जिथे पूर्वी जीव दिलेल्यांना आणि बहिष्कृतांना टाकत. मी तिथे उभा होतो. मी भांडलो नाही. मला वाटले, आता भांडलो तर माझी एलीशेजारची जागाही जाईल. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटली पाहिजे.

राहेल, मी तुझा गुन्हेगार आहे. तू आठ वर्षांनी आलीस तेव्हा सरळ जाऊन चूल पेटवलीस. मी तेव्हाच क्षमा मागायला हवी होती. आज कायद्याच्या कागदावर मागतो, म्हणजे नाकारता येणार नाही.

कलम पाचवे. माझे प्रेत. तीन नंबरची कबर मी नाकारतो. एलीशेजारची जागाही सोडतो, ती समजून घेईल, तिने माझे याहून जास्त समजून घेतले आहे. मला भिंतीकडेच्या कोपऱ्यात देवस्याच्या शेजारी पुरावे. समितीने म्हटले की तो कोपरा पाप्यांचा आहे, तर सांगावे की म्हणूनच. वर नाव नको. दोन रेघा पुरेत.

कलम सहावे. हत्यारे. ओळंबा, पाणसळ आणि गुण्या ही माझी नात लिसी, राहेलची मुलगी, हिला द्यावीत. ती कोचीला इमारतीच्या कामावर देखरेख करते आणि ठेकेदारांना रडवते असे ऐकतो. हातोडी जोर्जुकुट्टीला द्यावी. त्याने आधी ठोकून पाहायला शिकावे, मग मिरवणूक काढावी.

कलम सातवे. मुलगा कोरा. कोराने गावाबाहेर सहा न्हाणीघरांचा बंगला बांधला आहे आणि वर्षातून बारा दिवस तिथे आंघोळ करतो. त्याला जागेतला वाटा देत नाही. तो नाराज होईल, पण बेघर होणार नाही. त्याने मस्कतहून पाठवलेली चार ब्लँकेटे वेष्टनासकट कपाटात आहेत, ती त्याला परत करावीत. या गावात ब्लँकेट पांघरायला माणूस तापाने फणफणलेला असावा लागतो. कोरा, तू वाईट नाहीस. तुला बापाने पाया कसा घालायचा ते दाखवले नाही, नुसते घर कसे बांधायचे ते दाखवले. त्यात चूक माझी आहे. घरी येशील तेव्हा बहिणीकडे जेव.

बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या एकेचाळिसाव्या दिवसाचे जेवण घालावे. उकडलेला कप्पा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, आणि लाल रश्शाची मासळी. पंगत एकच बसेल, माझ्या अंगणात. पहिली पाने खालच्या वस्तीच्या बायकांची. तेक्केमाळिकावाल्यांनीही यावे. त्यांना शेवटी वाढावे, पण पोटभर.

कलम आठवे. माझी ओसरीवरची खुर्ची देवस्याची आई कुंजाळी हिला द्यावी.

हे कलम रद्द. कारण पुढीलप्रमाणे. साक्षीला मी दोघांना बोलावले. अच्चनला आधी विचारले होते. तो तरुण आहे, चांगला आहे. म्हणाला, "अप्पच्चा, मनाने मी तुमच्याच बाजूला आहे." मी म्हटले, "मन नको, सही दे." त्याला एकदम कुठल्यातरी आजाऱ्याला भेटायला जायचे आठवले. म्हणून पहिला साक्षीदार ताडीमाडीच्या दुकानाचा भास्करन. मी शुद्धीवर आहे की नाही हे गावात त्याच्याइतके कोणालाच नक्की सांगता येणार नाही. दुसरी कुंजाळी. तेव्हा पिळ्ळै म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, कायदा तसा आहे. खुर्ची द्यायची तर साक्षीला दुसरे कोणी बघा.

कुंजाळी ओसरीच्या पायरीखाली काठी टेकून उभी होती. अकरा वर्षे ती माझ्याच जागेत राहते, मागच्या दाराने येते, मागच्या दाराने जाते. या ओसरीवर तिने पाय ठेवलेला नाही आणि मी "ठेव" म्हटलेले नाही.

"कुंजाळी, खुर्ची हवी की साक्ष?"

"अठ्ठ्याऐंशी झाली मला. खुर्चीत किती दिवस बसणार? साक्ष लिही. त्या दगडावर कुणाचंच नाव नाही, ते बरंच आहे. पण मी होते तिथं. एवढं कुठंतरी लिहिलेलं राहू दे."

"मग अंगठा देईपर्यंत तरी वर ये. बस."

तिने आधी काठी वरच्या पायरीवर टेकवली. मग आली. राहेलने हात दिला. बसली. मी पायरीवर बसून उरलेला मजकूर सांगितला.

मृत्युपत्राची अंमलबजावणी राहेलने करावी. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. पिळ्ळैने दोन ठिकाणी शब्द सौम्य केले होते, ते पुन्हा होते तसे करून घेतले.

सही: इट्टियविरा ऊलहन्नान
मुक्काम करिंपारा, माझ्या घराची ओसरी. तारीख ३ फेब्रुवारी २०१४.

साक्षीदार पहिला: भास्करन, माडीचे दुकान, करिंपारा. मेस्त्रीने माझ्यासमोर सही केली. सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही.

साक्षीदार दुसरी: कुंजाळी, देवस्याची आई. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिले आहे: "मेस्त्रीनं माझ्यासमोर सही केली. दगडाचं खरं आहे. पेजेचं खरं आहे. अंगणात माझ्या पोराला उभं ठेवलं तेही खरं आहे, मी कुंपणाबाहेर होते. ते मी कधीच सोडून दिलं, ज्याच्यावर सोडायचं त्याच्यावर. आणखी एक लिही. ही खुर्ची डुगडुगते. माझा दगड बरा होता."

डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.